दोन दिवसांचे स्कॅन, दोन स्थिती आणि न जुळणारे निकाल: एफएमआरआय डेटा कुठून तपासायला घ्यावा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या एफएमआरआय (म्हणजे मेंदू काम करत असतानाचे बदल टिपणाऱ्या एमआरआय) डेटात एक बिघाड पुन्हापुन्हा दिसतो. सहभागी दोन वेगळ्या दिवशी स्कॅनरमध्ये गेलेला असतो, एका दिवशी एक स्थिती, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोन्हींची वजाबाकी करायला घेतली की फरक एकतर अवाच्या सवा मोठा येतो किंवा पार नाहीसा होतो. मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे देतेय. फुकटच्या आणि पाच-दहा मिनिटांच्या तपासण्या आधी, पुन्हा स्कॅन करायला लावणाऱ्या शेवटी.

सोयीसाठी झोपेचा अभ्यास डोळ्यांसमोर ठेवू. तीच माणसं एकदा रात्रभर नीट झोपून येतात आणि एकदा रात्रभर जागून. सकाळी दोन्ही वेळा स्कॅनरमध्ये स्मरणशक्तीचं तेच काम करतात. झोप आणि जागरण एकाच सेशनमध्ये (स्कॅनरमध्ये जाऊन बाहेर येईपर्यंतच्या एका खेपेत) बसवता येत नाही, म्हणून सेशनचा प्रश्न इथे टाळता येत नाही. औषध विरुद्ध प्लासिबो, उपचाराआधी आणि नंतर, प्रशिक्षणाआधी आणि नंतर, या सगळ्यांचं दुखणं हेच.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

- दोन स्थितींमधला फरक अख्ख्या मेंदूभर पसरलेला दिसतो, अगदी पांढऱ्या द्रव्यात आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्यांतसुद्धा.
- फरकाच्या नकाशात मेंदूच्या कडेने एका बाजूला लाल आणि समोरच्या बाजूला निळी पट्टी येते.
- पहिल्या सेशनमध्ये ठसठशीत ठिपका, दुसऱ्यात काहीच नाही; पण थेट तुलना केली की फरक निघत नाही.
- एक-दोन सहभागींची मूल्यं बाकीच्यांच्या दीडपट-दुप्पट असतात.
- समूहाच्या नकाशात डोळ्यांच्या वर किंवा कानांच्या आतल्या बाजूला भोक पडलेलं असतं.
- क्लासिफायर (डेटावरून वर्ग ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) दोन स्थिती जवळजवळ शंभर टक्के अचूक ओळखतो.
- फरक स्थितीनुसार न बदलता पहिली खेप की दुसरी खेप यानुसार बदलतो.

हे होतं का

एफएमआरआयमध्ये आपण मोजतो त्या बोल्ड सिग्नलला (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांनुसार हलणाऱ्या सिग्नलला) स्वतःचं एकक नाही. आकडा किती येईल हे रिसीव्हरचा गेन (सिग्नल किती पट वाढवला ते), डोकं कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीच्या सिग्नल टिपणाऱ्या अँटेनात, नेमकं कुठे आहे, त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र किती एकसारखं जुळवलं गेलं, यांवर अवलंबून असतं. सहभागी बाहेर येऊन पुन्हा आत गेला की यातल्या बहुतेक गोष्टी नव्याने ठरतात.

कल्पित आकडे घेऊन पाहू. झोपेच्या दिवशी एका व्हॉक्सेलचा (प्रतिमेतल्या एका छोट्या घनाचा) विश्रांतीतला सिग्नल ८०० आणि कामाच्या वेळी ८०८. जागरणाच्या दिवशी विश्रांतीत ९०० आणि कामात ९०९. कामाच्या वेळचे आकडे थेट वजा केले तर फरक १०१. आधी प्रत्येक दिवसाची वाढ काढली तर ८ आणि ९, म्हणजे तरीही जागरणाचा दिवस पुढे. टक्केवारी काढली तर दोन्ही दिवशी बरोबर १ टक्का, म्हणजे फरक शून्य. ३ टेस्लाच्या स्कॅनरवर दृष्टी किंवा हालचालीच्या साध्या कामात हा बदल १ ते २ टक्क्यांच्या घरात असतो; स्मरणशक्तीसारख्या कामात दोन स्थितींमधला फरक बरेचदा अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. इतक्या बारीक गोष्टीसमोर दोन दिवसांमधला ८०० आणि ९०० यांतला फरक प्रचंड आहे. म्हणून प्रत्येक सेशनच्या आत आधी वजाबाकी करायची, आणि मगच त्या वजाबाक्यांची आपसात तुलना करायची. खालच्या बऱ्याच तपासण्या हा नियम कुठे मोडला गेला ते शोधण्यासाठी आहेत.

१. दोन नकाशे शेजारी ठेवून निष्कर्ष काढलाय का?

याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. झोपेच्या दिवशी पी-मूल्य ०.०४ आलं, जागरणाच्या दिवशी ०.०६ (निकाल मानायची रूढ रेषा ०.०५), म्हणून "जागरणाने सक्रियता गेली" असं लिहिलेलं मी सतत वाचते. एक निकाल रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला, यावरून त्या दोघांत फरक आहे हे सिद्ध होत नाही. 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये २०११ साली आलेल्या एका आढाव्यात मेंदूविज्ञानातले ५१३ लेख तपासले होते. ही चूक होण्याजोगी जागा त्यातल्या १५७ लेखांत होती, आणि त्यातल्या ७९ लेखांनी ती केलेली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त.

उपाय सरळ आहे. प्रत्येक सहभागीची दोन कॉन्ट्रास्ट चित्रं (म्हणजे सेशनच्या आतल्या वजाबाकीचे नकाशे) घ्या, एक झोपेची आणि एक जागरणाची, आणि त्यांच्यावर पेअर्ड टी-चाचणी करा, म्हणजे त्याच माणसाच्या दोन मूल्यांची जोडीने तुलना. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटल्या आहेत.

२. कॉन्ट्रास्ट कागदावर लिहून काढा

सॉफ्टवेअर बंद करा आणि डिझाइन मॅट्रिक्सचा (कोणत्या क्षणी काय चाललं होतं ते सांगणाऱ्या तक्त्याचा) एकेक स्तंभ आणि त्याला दिलेलं वजन वहीत लिहा. सर्वांत जास्त चुका मला इथे सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये "सेशन" म्हणजे एक रन, म्हणजे स्कॅनर न थांबता केलेली एक सलग मोजणी. एकाच दिवशी चार रन झाले तरी ते चार सेशन धरले जातात. प्रत्येकाला स्वतःचा स्थिरांक स्तंभ आणि स्वतःचा हाय-पास फिल्टर (सिग्नलमधले फार संथ चढ-उतार काढून टाकणारा) मिळतो. या स्थिरांकात त्या रनची सरासरी पातळी शोषली जाते, आणि हे आपल्या फायद्याचंच आहे. म्हणून स्थिरांक स्तंभांना कधीही +१ आणि −१ देऊ नका. तसं केलं तर तुम्ही दोन दिवसांच्या गेनची तुलना करत असता. अख्खा मेंदू उजळण्याचं पहिलं लक्षण बऱ्याचदा इथूनच येतं.

झोपेच्या दिवशीच्या "काम" स्तंभाला +१ आणि जागरणाच्या दिवशीच्या "काम" स्तंभाला −१ दिलं, तर गणित चालतं. पण तेव्हा प्रत्येक दिवशीच्या कामाची तुलना त्या दिवशीच्या विश्रांतीशी होत असते, आणि जागलेल्या माणसाची विश्रांती झोपलेल्या माणसासारखी नसते. तो डुलक्या काढत असतो. म्हणून दोन्ही दिवशी एक सोपं नियंत्रण-काम ठेवावं: अवघड स्मरण आणि सोपं स्मरण. मग वजनं +१, −१, −१, +१ अशी पडतात. आधी प्रत्येक दिवशी अवघड वजा सोपं, आणि त्यानंतर त्या दोन फरकांचा फरक.

दुसरी चूक रनच्या संख्येची. एका सहभागीचे चार रन चांगले आणि दुसऱ्याचा एक रन टाकून दिलेला, म्हणजे तीनच. वजनं नुसती रनमागे रन पुन्हा लिहिली तर कॉन्ट्रास्ट चित्रात बेरीज येते. प्रत्येक रनमध्ये परिणाम ०.५ असेल तर पहिल्याचे होतात २.० आणि दुसऱ्याचे १.५, मेंदू अगदी सारखे असूनही. एसपीएममध्ये "रेप्लिकेट अँड स्केल" हा पर्याय यासाठीच आहे. त्याने सरासरी निघते. एकाच सहभागीची टी-मूल्यं या चुकीने बदलत नाहीत, त्यामुळे एकेकाचा नकाशा पाहून ती कळत नाही. ती समूहाच्या पातळीवर उघडी पडते.

तिसरी, फिल्टरची. एसपीएमचा नेहमीचा हाय-पास फिल्टर १२८ सेकंदांचा असतो. तुमचा ब्लॉक पाच मिनिटांचा असेल तर परिणामाचा मोठा भाग फिल्टरच खाऊन टाकतो. आणि अख्खा रन एकाच स्थितीत घालवला असेल तर स्थिरांक सगळंच गिळतो.

३. हेडर वाचा

डायकॉमचं (स्कॅनरच्या मूळ फाइलींचं) रूपांतर करताना डीसीएमटूनिक्स हा प्रोग्राम प्रत्येक रनसोबत स्कॅनच्या सेटिंग्जची एक जेसन फाइल देतो. दोन्ही दिवसांच्या फाइली शेजारी उघडून ओळीला ओळ लावा: टीआर (एका प्रतिमेपासून पुढच्या प्रतिमेपर्यंतचा वेळ), टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ), फ्लिप अँगल, स्लाइसची जाडी, फेज एन्कोडिंगची दिशा, रिसीव्ह कॉइलचं नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती.

एका दिवशी ३२ चॅनेलचं हेड कॉइल आणि दुसऱ्या दिवशी २० चॅनेलचं हेड-नेक कॉइल, असं घडतं. आपल्याकडे बऱ्याच अभ्यासांना रुग्णालयातलंच मशीन वापरावं लागतं. रुग्णांचे स्कॅन आटोपले की वेळ मिळते आणि आधीच्या रुग्णाचं कॉइल तसंच लावलेलं राहतं. टीई बदलला तर बोल्डची संवेदनशीलताच बदलते. फेज एन्कोडिंगची दिशा उलटली तर एका दिवशी कपाळाकडचा भाग ताणला जातो आणि दुसऱ्या दिवशी दाबला जातो. मध्येच स्कॅनरचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं असेल तर ती तारीख अभ्यासाच्या नोंदीत ठळक लिहा आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कोणत्या स्थितीची किती सेशनं पडली ते मोजा. साधारण सारखी पडली असतील तर बहुधा निभावतं. सगळी जागरणाची सेशनं पलीकडे असतील तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

४. डोळ्यांनी पाहा

दोन्ही दिवसांच्या सरासरी ईपीआय (एफएमआरआयमध्ये वेगाने टिपलेल्या) प्रतिमा एकाच खिडकीत उघडा आणि कळ दाबून आलटून-पालटून दाखवा. आकडेवारीत महिनाभर लपलेली गोष्ट डोळ्यांना दहा सेकंदांत दिसते. मेंदूची कड उडी मारते का? मेंदूच्या पोकळ्या जागच्या जागी राहतात का? कड उडी मारत असेल तर जुळवणी फसली आहे. लाल-निळ्या पट्टीचं कारण तेच.

मग मास्कची फाइल (कोणते व्हॉक्सेल विश्लेषणात घेतले ते दाखवणारी) उघडा. एसपीएममध्ये एखादा व्हॉक्सेल कोणत्याही एका स्कॅनमध्ये उंबरठ्याखाली गेला तर तो सगळीकडूनच वगळला जातो. म्हणजे तीस सहभागींपैकी एकाच्या एका दिवशी डोळ्यांवरच्या भागात सिग्नल गळला, तर समूहाच्या नकाशात तिथे भोक पडतं. काही काजळांत आणि मस्काऱ्यात लोहाचं ऑक्साइड असतं आणि त्याने डोळ्यांजवळची प्रतिमा बिघडते. दोन्ही दिवशी चेहरा धुऊन आत पाठवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

रचनात्मक प्रतिमांवरून जाडी किंवा आकारमान काढत असाल तर दुसरा दिवस पहिल्यावर बसवू नका. बसवताना फक्त दुसऱ्या दिवसाच्या प्रतिमेचे व्हॉक्सेल नव्याने मोजून काढले जातात, ती किंचित पुसट होते, आणि तेवढ्यानेच खोटा फरक निर्माण होतो. फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची लॉन्जिट्यूडिनल पद्धत दोन्ही वेळांमधून मधला साचा बनवते, ती वापरा.

५. हालचाल, डुलकी आणि गोंगाट

एफएमआरआयप्रेप या डेटा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, म्हणजे एका प्रतिमेपासून पुढच्या प्रतिमेपर्यंत डोकं किती हललं त्याचा आकडा, असतो. प्रत्येक सेशनची त्याची सरासरी काढा आणि झोप विरुद्ध जागरण अशी तिचीच पेअर्ड चाचणी करा. जागलेली माणसं जास्त हलतात. हालचालीतच फरक असेल तर मेंदूच्या फरकाबद्दल बोलण्याआधी त्याचा बंदोबस्त हवा.

कळ न दाबलेल्या प्रश्नांची संख्याही काढा. जागरणाच्या दिवशी अशा जागा भराभर वाढतात आणि त्या क्षणी माणूस बऱ्याचदा झोपलेला असतो. ते प्रश्न "अवघड काम" म्हणून मॉडेलमध्ये राहिले तर तुम्ही कामाची तुलना डुलकीशी करताय. त्यांना वेगळा स्तंभ द्या. डोळ्यांवरचा कॅमेरा असेल तर फारच उत्तम.

शेवटी टीएसएनआर, म्हणजे वेळेनुसार आलेल्या सिग्नलची सरासरी भागिले त्याचं प्रमाण विचलन. ही चित्रं दोन्ही दिवसांची काढा. संपूर्ण मेंदूत टीएसएनआर खाली असेल तर संशय मशीनवर, एखाद्याच भागात खाली असेल तर कॉइलवर किंवा डोक्याच्या स्थितीवर.

६. सहभागीची वही

सॉफ्टवेअर सोडून माणसाकडे वळा. त्या सकाळी चहा घेतला होता का? किती वाजता? काही खाल्लं होतं? कोणती गोळी? कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. सुमारे २५० मिलिग्रॅमच्या मात्रेने विश्रांतीतला रक्तप्रवाह पाव हिश्श्याच्या आसपास घटल्याचं मोजलं गेलंय. बोल्ड सिग्नल रक्तप्रवाहावरच उभा आहे. आणि रात्रभर जागलेला माणूस सकाळी चहावर चहा पिणारच. चहाचा परिणाम मग जागरणाच्या नावावर जमा होतो.

रसेल पोल्ड्रॅक या मेंदूशास्त्रज्ञाने दीड वर्ष स्वतःचेच स्कॅन करून घेतले. मंगळवारी तो उपाशीपोटी आणि कॉफीशिवाय आत जाई, गुरुवारी खाऊन-पिऊन. तोच माणूस, तोच स्कॅनर. तरी मेंदूतल्या जोडण्यांचं चित्र या दोन वारांना वेगळं निघालं, विशेषतः दृष्टी आणि शरीराच्या हालचाली-संवेदनांच्या भागांत.

याच वहीतून क्रमही काढा. अर्ध्या लोकांची झोप आधी आणि अर्ध्यांचं जागरण आधी, असं केलंय ना? तर समूह क्रमानुसार दुभागून निकाल पाहा. पहिल्यांदा स्कॅनरमध्ये जाणारा माणूस धास्तावलेला असतो. दुसऱ्या खेपेला सरावलेला असतो आणि कामही शिकलेला असतो. फरक दोन्ही गटांत एकाच दिशेने आला तर हायसं वाटू द्या. दिशा उलटली तर तुम्ही सराव मोजलाय.

७. फील्डमॅप

नाकामागच्या आणि कानाजवळच्या हवेच्या पोकळ्यांमुळे चुंबकीय क्षेत्र वाकतं आणि ईपीआय प्रतिमा तिथे ताणली जाते. डोकं किती कललं आहे यावर हा ताण बदलतो. हनुवटी एका दिवशी वर आणि दुसऱ्या दिवशी खाली असेल, तर नुसती सरकवून-फिरवून केलेली जुळवणी तो ताण काढू शकत नाही, कारण प्रतिमेचा आकारच बदललेला असतो.

म्हणून प्रत्येक दिवसाचा स्वतःचा फील्डमॅप, म्हणजे क्षेत्र कुठे किती वाकलंय त्याचा नकाशा, हवा. तो असूनही बिघडतं ते बहुधा पहिल्या दिवसाचा फील्डमॅप दुसऱ्या दिवसाला जोडला गेल्यामुळे. बिड्स या फाइली मांडण्याच्या ठरावीक रचनेत "इंटेंडेड फॉर" या ओळीत कोणत्या रनसाठी कोणता फील्डमॅप ते लिहिलेलं असतं. ती ओळ प्रत्येक सहभागीसाठी स्वतः वाचा. दुरुस्तीनंतर चौथी तपासणी पुन्हा करायची.

८. फँटमच्या नोंदी

इथून पुढे स्कॅनरवाल्यांची मदत लागते. अगर जेलने भरलेल्या गोळ्याचा (यालाच फँटम म्हणतात) ठरावीक स्कॅन बऱ्याच केंद्रांत नियमित घेतात. एफबर्न या संशोधन-गटाच्या पद्धतीत २०० व्हॉल्यूम (अख्ख्या प्रतिमा) घेऊन मधल्या स्लाइसच्या मध्यभागी २१ × २१ व्हॉक्सेलच्या चौकोनात सिग्नल, चढ-उतार आणि सरक मोजतात. तुमच्या सेशनच्या तारखांच्या आसपासचे आकडे मागून घ्या. जेलला झोप, चहा, धास्ती काही नाही. त्याचा आकडा त्याच आठवड्यात घसरला असेल तर दोष मशीनचा. तो स्थिर असेल तर वर जा आणि २, ५ आणि ६ पुन्हा पाहा.

९. रक्तवाहिन्याच बदलल्या असतील तर

औषधांच्या अभ्यासात हा प्रश्न हमखास येतो. औषधाने चेतापेशींचं काम बदललं की नुसत्या रक्तवाहिन्या सैलावल्या? डेटा आधीच घेतला असेल तर साधा आधार म्हणजे ज्या भागात बदल अपेक्षितच नाही, तो भाग. साध्या चकमकत्या चौकटींना दृष्टीच्या भागाने दिलेला प्रतिसादही दोन दिवसांत बदलला असेल तर रक्तवाहिन्यांवर संशय घ्या. पुढची सेशनं बाकी असतील तर प्रत्येक दिवशी एएसएल या रक्तप्रवाह मोजणाऱ्या एमआरआय पद्धतीने विश्रांतीतला रक्तप्रवाह मोजा, किंवा श्वास रोखून धरण्याचा छोटा रन जोडा. दोन्हींना मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात.

क्लासिफायर वापरणाऱ्यांसाठी

एक स्थिती एका दिवसात आणि दुसरी दुसऱ्या दिवसात असेल तर क्लासिफायर दिवस ओळखायला शिकतो, आणि तो दिवस फार सहज ओळखतो. म्हणून शंभर टक्क्यांनी खूश होऊ नका. प्रत्येक दिवसात दोन्ही वर्ग हवेत आणि चाचणीसाठी एक अख्खा दिवस बाजूला ठेवायला हवा. आमच्या झोपेच्या उदाहरणात ते शक्य नाही, तेव्हा तिथे दिवसाच्या आत अवघड विरुद्ध सोपं ओळखायला लावा आणि ती अचूकता दोन दिवसांत ताडून पाहा.

किती फरक नेहमीचाच धरायचा?

२००० साली मॅकगोनिगल आणि सहकाऱ्यांनी एकाच व्यक्तीची ९९ सेशनं घेऊन दाखवलं की एकाच कामाचे नकाशे दिवसागणिक बरेच बदलतात. लोक हादरले. २००५ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा विश्लेषित केला, तेव्हा सेशनमधली तफावत वाटली होती तितकी भयंकर नव्हती. विश्लेषणाच्या पद्धतीने ती फुगते हेही दिसलं. म्हणून मी आधी विश्लेषण तपासते आणि मशीनला दोष नंतर देते.

एकेका व्यक्तीच्या आकड्यावर मात्र फार भार टाकू नका. एलियट आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या एकत्रित विश्लेषणात, त्याच माणसाला पुन्हा स्कॅन केल्यावर कामाच्या एफएमआरआयची विश्वासार्हता सरासरी ०.३९७ निघाली (१ म्हणजे पूर्ण जुळणारी). समूहाचा नकाशा टिकतो, पण समूहात कोण वर आणि कोण खाली हा क्रम टिकेलच असं नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

सगळ्यांचं जागरण दुसऱ्याच खेपेला झालं असेल, किंवा सगळी जागरणं सॉफ्टवेअर बदलल्यानंतरची असतील, तर थांबा. मशीन किंवा सेशनमुळे आलेला फरक पुसणारी कॉम्बॅटसारखी जुळवणीची साधनं इथे चालणार नाहीत, कारण सेशनचा परिणाम पुसताना ती स्थितीचा परिणामही पुसून टाकतात. हा डेटा घेऊन संख्याशास्त्रज्ञाकडे जा आणि उरलेल्या सेशनांचा क्रम बदलून काय वाचवता येईल ते विचारा. अभ्यास सुरूच झाला नसेल तर आजच विचारा; तेव्हाचा एक तास नंतरच्या वर्षापेक्षा स्वस्त असतो.

फँटमचा आकडा घसरला असेल, प्रतिमेत ठिपक्यांच्या रेघा किंवा सावल्या येत असतील, किंवा कॉइलचा एखादा चॅनेल मुका वाटत असेल, तर एमआर भौतिकशास्त्रज्ञाला आणि त्याच्यामार्फत कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. कॉइल उघडू नका, केबल वाकवून पाहू नका. केबलचं आवरण फाटलेलं दिसलं किंवा सहभागीने कुठे गरम लागतंय म्हटलं, तर स्कॅन त्याच क्षणी बंद. खराब केबलने त्वचा भाजू शकते.

प्रतिमेत गाठ, रक्तस्राव किंवा काही अनोळखी दिसलं तर त्यावर तुम्ही मत देऊ नका आणि सहभागीलाही काही सांगू नका. नैतिक समितीने मान्य केलेल्या पद्धतीने ती प्रतिमा रेडिओलॉजिस्टकडे पाठवा.

भौतिकशास्त्रज्ञाकडे जाताना दोन्ही दिवसांच्या मूळ डायकॉम फाइली, स्कॅनरवरून छापून घेतलेला प्रोटोकॉल, दोन टीएसएनआर चित्रं आणि कोणत्या सहभागीपासून बिघाड सुरू झाला ती तारीख सोबत ठेवा. नुसते टी-नकाशे नेले तर तो पहिला प्रश्न याच चार गोष्टींचा विचारेल.